धुराडं असलेलं घर

मी चिन्हांचं काम करते असं सांगितलं, की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पॅनलचं?" एका रिक्षावाल्यानं राजारामपुरीपासून स्टँडपर्यंत मला निवडणुकीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं आणि उतरताना वर बजावलं, "वहिनी, चिन्ह सोपं घ्या बघा. विमान, पतंग असलं घेऊ नका. लोक वर बघत न्हाईत." मी बरं म्हटलं आणि उतरले. दरवेळी खुलासा करत बसलं तर कामाला उशीर होतो.

इथं खुलाशाला जागा आहे, म्हणून करते. माझी चिन्हं संगणकाच्या पडद्यावरची. कात्रीचं चित्र दाबलं की मजकूर कापला जातो, भिंगाचं दाबलं की शोधाशोध सुरू होते. ही चित्रं पडद्यावर नीट दिसावीत, योग्य जागी बसावीत आणि दाबल्यावर बरोबर तेच काम व्हावं, यासाठी कुणीतरी खपलेलं असतं. एका टेक्स्ट एडिटरपुरती त्या खपणाऱ्यांतली मी एक.

टेक्स्ट एडिटर म्हणजे संगणकावर लिहायची साधी जागा. सजावट त्यात दुय्यम. लिहिणं, शोधणं, बदलणं मुख्य. प्रोग्रॅम लिहिणारे लोक दिवसभर त्यातच बसलेले असतात. मी ज्यावर काम करते तो एडिटर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची आतली यंत्रणा सगळ्यांना उघडी आहे. कुणीही झाकण काढून बघावं, दुरुस्ती सुचवावी. ती पसंत पडली तर जगभरातल्या सगळ्यांच्या प्रतीत जाते. मालक नाही, पगार नाही. माझ्या सासूबाई याला "फुकटची हमाली" म्हणायच्या आणि मी कधी वाद घातला नाही. पगाराचं काम मी उद्यमनगरातल्या एका कंपनीत करते, फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं. एडिटरचं काम त्याआधी, नवरा सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलेला असतो तेवढ्या वेळात. घरात त्या वेळी कुणी चहा मागत नाही, हे महत्त्वाचं.

हा एडिटर जन्मला तेव्हा पडद्यावर फक्त अक्षरं असायची. चित्र त्यात मागाहून आलं, आणि भरल्या घरात मागाहून आलेल्या पाहुण्याला जशी जागा मिळते तशी त्याला मिळाली: दाराजवळ, पायात पाय घालून. चित्रांचा कारभार ज्या फाईलमध्ये आहे ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा अर्धी सकाळ नुसती वाचत बसले. आमच्या धंद्यात कोडच्या शेजारी पुढच्या माणसासाठी दोन शब्द लिहून ठेवायची पद्धत आहे. तिथं कुणीतरी लिहिलं होतं, "ही तात्पुरती सोय आहे. नीट करायला हवी." त्याखाली, बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच माणसानं, "अजून तात्पुरतीच आहे." आणि त्याखाली तिसऱ्यानं, "हिला हात लावू नका. आता हिच्यावर बरंच काही उभं आहे."

ही तिघं एकमेकांना कधी भेटली नव्हती. त्यातला एक आता हयातही नाही, असं मला नंतर समजलं. तरी त्यानं लिहिलेल्या ओळी त्या क्षणी माझ्या लॅपटॉपवर, साळोखेनगरातल्या फ्लॅटमध्ये चालत होत्या आणि पडद्यावर चित्र काढत होत्या. देवळात गेल्यावर काय वाटतं असं लोक सांगतात, ते मला देवळात फारसं वाटत नाही. इथं वाटलं.

आता अडचण काय होती ते सांगते. संगणकातलं चित्र दोन तऱ्हेचं असतं. पहिल्या तऱ्हेत ते रंगीत कणांनी भरलेलं असतं. मोठं केलं की कणच मोठे होतात आणि चित्राच्या कडा फाटतात. दुसऱ्या तऱ्हेत चित्र साठवलेलंच नसतं, ते कसं काढायचं ते साठवलेलं असतं: इथून इथपर्यंत रेघ, इथं वळण, इथं हा रंग. आपल्या रांगोळीसारखं. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला जोडायचा हे ठाऊक असलं, की तीच रांगोळी पाटापुरती काढा नाहीतर अख्ख्या अंगणभर काढा, तिचं काही बिघडत नाही. आमच्या एडिटरला दोन्ही तऱ्हा यायच्या, पण चित्र एकदा बसलं की बसलं. अक्षरं कितीही मोठी करा, शेजारचं चित्र हरभऱ्याएवढंच राहायचं. उलट मोठा फोटो आला तर तो आवरायचा नाही. कुरुंदवाडला रोपवाटिका चालवणारे एक गृहस्थ झाडांची टिपणं आमच्या एडिटरमध्ये ठेवतात, मोबाईलवर काढलेल्या फोटोंसकट. त्यांचा फोन यायचा, "मॅडम, जास्वंद उघडली की कॉम्प्युटर झोपतोय. मोगऱ्याला काय करत न्हाई. जास्वंदीवर त्याचा काय राग हाय, तेवढा बघा."

मी बघते म्हणायचे. खरं तर ती तात्पुरती सोय हलवायची माझी हिंमत नव्हती. हलवायला लावली ती शोभानं.

शोभा आमच्या ऑफिसात टेस्टिंगला आहे. आम्ही लिहिलेलं मोडून दाखवणं हा तिचा धंदा, आणि त्यात ती फार हुशार आहे. तिचे आई-वडील आणि भाऊ गडहिंग्लजच्या पुढं एका गावात राहतात. वडिलांना सगळे आण्णा म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आण्णांना लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सुटले, पण बोलणं गेलं. "चला" हा एकच शब्द तोंडात राहिला. भूक लागली की चला, पंखा हवा की चला, राग आला की मोठ्यानं चला. वाचणंही गेलं. पेपर हातात धरायचे, पण अक्षरं ओळख देत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. चित्रांवर बोट ठेवून बोलतात का बघा.

शोभाचा भाऊ सदा, शेती तोच बघतो. त्याला डॉक्टरांचं पटलं नव्हतं. "समजत असतं तर कुठंतरी दिसलं असतं की," असं तो म्हणायचा. त्यामुळं घरात आण्णांना विचारणं हळूहळू बंद झालं. त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दल बोलणं सुरू झालं, कॉट कुठं हलवायची इथपासून ताटात काय वाढायचं इथपर्यंत. कुणी वाईट वागत नव्हतं. वेळेवर औषध होतं, स्वच्छ कपडे होते. फक्त त्यांना माणसात मोजायचं सोडून दिलं होतं. शोभाला तेच सहन होत नव्हतं. आण्णा आत आहेत, पूर्वीचेच आहेत, एवढं तिला घरच्यांना दाखवून द्यायचं होतं.

मोबाईलवर असली अ‍ॅप मिळतात. पण आण्णांचं बोट थरथरायचं, एका दाबात तीन गोष्टी उघडायच्या आणि मध्येच साबणाची जाहिरात लागायची. मग शोभा एकदा डबा खाताना मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या एडिटरात अक्षरांच्या मधी चित्र बसतंय की. मग नुसत्या चित्रांचं वाक्य होत न्हाई का?"

होत होतं. अवघडही नव्हतं. ऑफिसात बोटानं चालणाऱ्या पडद्याचा एक जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर मी तिला करून दिलं. खाली चित्रांच्या ओळी, प्रत्येक चित्राखाली त्याचा शब्द, आणि वर एक मोकळी ओळ. खालचं चित्र दाबलं की ते वरच्या ओळीत जाऊन बसणार. चित्रं एडिटरच्या सोबत जो फुकट संच येतो त्यातलीच घेतली: पाणी, चहा, जेवण, औषध, पंखा, घर. होयला बरोबरची खूण, नकोला फुली, मी म्हणायला माणसाची आकृती.

शोभानं ते गावी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिसावं म्हणून तिनं सगळं मोठं केलं, तर शब्द मोठे झाले आणि चित्रं हरभऱ्याएवढीच राहिली. ज्या माणसाला अक्षरं परकी झालीत त्याच्यापुढं वीतभर अक्षरं आणि त्यांच्यावर मुंगीएवढा पंखा. आण्णांनी लॅपटॉप ढकलून दिला आणि म्हणाले, "चला."

त्या आठवड्यात मी तात्पुरत्या सोयीला हात घातला.

आमच्याकडं चित्रांच्या भागाची जबाबदारी यान नावाच्या माणसावर आहे. तो उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात राहतो. मी त्याचा चेहरा पाहिलेला नाही. त्याच्या ईमेलला वर नमस्कार नसतो आणि खाली धन्यवाद नसतात. मी दुरुस्ती पाठवायची, त्यानं कारण लिहून परत पाठवायची, असं बरेच महिने चाललं. कारण दरवेळी बरोबर असायचं, हे जास्त चीड आणणारं. एक हलवलं की तीन ठिकाणी पडायचं. चित्र मोठं झालं की ओळीची उंची बदलायची, उंची बदलली की पान उडी मारायचं, पान उडालं की कर्सर हरवायचा. तिसऱ्या माणसानं लिहिलेली सूचना किती खरी होती ते रोज सकाळी कळत गेलं.

चित्रं अक्षरांबरोबर वाढायला लागली, तेव्हा नवीनच भानगड निघाली. इंग्रजी मजकुरात ती छान बसत होती, मराठीत ओळीतून खाली घसरल्यासारखी दिसत होती. यानला त्यात काही चूक दिसेना. त्याचं म्हणणं, चित्र रेघेवर बसलंय की. मी डोकं धरून बसले आणि मग लक्षात आलं की आम्ही दोघं दोन वेगळ्या रेघांबद्दल बोलतोय. त्याची अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. आपली वरच्या रेघेला टांगलेली असतात. मी त्याला लिहिलं, "तुमची अक्षरं जमिनीवर उभी आहेत. आमची दोरीवर वाळत घातलेली आहेत. चित्रही आम्हाला दोरीवरच लागेल."

बरेच दिवस उत्तर नाही. मी समजले, हा कंटाळला. मग एका सकाळी बघते तर त्यानं ओळीची उंची मोजायचा सगळा भाग नव्यानं लिहून टाकला होता. आपली दोरी, अरबी लिपीची वळणं, वरून खाली लिहिणारे लोक, सगळ्यांना जागा करून. सोबत एकच वाक्य होतं: "मी आयुष्यभर जमिनीकडं बघून लिहीत होतो." ज्या माणसानं आयुष्यात एक मराठी अक्षर वाचलेलं नाही, त्यानं आपल्या शिरोरेषेसाठी स्वतःच्या रात्री घातल्या. का, तर एडिटर नीट असावा म्हणून. मी त्याला धन्यवाद लिहिले. त्याचंही उत्तर आलं नाही.

काम अजून पुरं नाही. एकदोन ठिकाणी रफार अजून चित्राला टेकतो. ते माझ्याकडून राहिलंय आणि आता सकाळ पुरत नाही.

पण ज्या दिवशी दुरुस्ती मुख्य प्रतीत गेली, त्या दिवशी मी घरी एकटीच पडद्यावर चित्र मोठं करत बसले होते. मोठं, आणखी मोठं, पडदाभर. पंख्याचं पातं कुठं फाटेना. कुरुंदवाडचा फोन आला, "मॅडम, जास्वंद उघडली. पाकळीवरची शीर न् शीर दिसतीया." आणि मग ते एकेक पाकळी सांगत बसले. मीही ऐकत बसले. फोनचं बिल माणसाला कळत नाही अशा वेळी.

शोभा लॅपटॉप घेऊन पुन्हा गावी गेली. या वेळी चित्रं तळहाताएवढी होती. आण्णांनी पाणी दाबलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अव्वांनी, तांब्या आणून दिला. आण्णा पाणी प्यायले आणि पुन्हा पाणी दाबलं. पुन्हा तांब्या आला. असं ते पोट टम्म होईपर्यंत पाणी पीत राहिले. तहान कुणाला होती? चित्र दाबलं की पाणी येतं, हे ते बघत होते. शोभा ऑफिसात हे सांगताना हसत होती आणि नाक पुसत होती.

महिनाभर बरं चाललं. मग सदाचा फोन आला. आण्णा सारखं घर दाबायला लागले होते. सकाळी घर, जेवताना घर, संध्याकाळी घर. घरात, स्वतःच्या कॉटवर बसून. सदानं शोभाला सांगितलं, "आता काय राहिलं न्हाई बघ. आण्णास्नी घर वळखंना. ते मशीन ठेव कपाटावर. उगा त्यास्नी बी तरास, आमास्नी बी तरास."

शोभा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, दादा म्हणतोय तेच खरं असलं तर?"

माझ्या धंद्यातला माणूस आधी बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, शोधतो. मी तिला म्हटलं, थांब. चित्र आम्ही मोठं केलं, पण ते दाबायची जागा जुन्याच मापाची राहिली असेल तर? दिसतं मोठं, पण आतून हद्द जुनीच. मग माणूस पंख्यावर बोट ठेवणार आणि नोंद होणार शेजारच्या घराची. असं होऊ शकतं. आण्णा पंखा मागत असतील आणि आपण त्यांना वेड्यात काढत असू. चूक माझी निघावी, अशी इच्छा मला या कामात पहिल्यांदाच झाली.

रविवारी आम्ही दोघी गडहिंग्लजच्या एसटीत बसलो आणि तिथून वडापच्या जीपनं गावात गेलो.

सदा दारातच उभा होता. मला म्हणाला, "या की ताई. जागा मिळाली न्हवं गाडीत?" आणि मग आवाज जराही खाली न करता, "आण्णांचं काय खरं न्हाई. काल तर पडदा फोडत्यात का काय असं झालतं."

आण्णा समोरच कॉटवर बसले होते. पांढरी टोपी, स्वच्छ दाढी. आमच्याकडं बघत होते.

"हळू बोल की, दादा," शोभा म्हणाली.

"त्यास्नी काय कळतंय?"

मी चपला काढल्या आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथंच बसले. एकेक चित्र मधोमध दाबलं, कडेला दाबलं, चारी कोपऱ्यांत दाबलं. पंख्याला पंखा, औषधाला औषध. दाबायची जागा चित्राबरोबर व्यवस्थित वाढली होती. ते काम मी चोख केलं होतं. बग नव्हता. आयुष्यात एवढं वाईट वाटलं नसेल बग नसल्याचं.

मी लॅपटॉप आण्णांच्या पुढं ठेवला आणि म्हटलं, "आण्णा, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच दाबा."

आण्णांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, थरथर आवरली आणि बोट सावकाश घरावर नेलं. बोट चित्राच्या अगदी वर, कोपऱ्यात टेकलं. वरच्या ओळीत घर उमटलं.

"बघा," सदा म्हणाला. तो कॉटपाशी गेला. "आण्णा, हे घर न्हाई तर काय हाय? ही भित्त कुणाची? ही कॉट कुणाची? मी कोण हाय? सांगा की!"

"चला!" आण्णा ओरडले.

तेवढ्यात अव्वा चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. त्या लॅपटॉपच्या आजवर जवळ गेल्या नव्हत्या, करंट लागंल म्हणून. ट्रे ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून लॅपटॉपच्या शेजारी वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अगं बया! आमचं गुऱ्हाळ कुणी काढलंय ह्यात?"

"अव्वा, ते घर हाय," शोभा म्हणाली. "खाली लिवलंय बघ की."

"मला चष्म्याबिगर लिवलेलं दिसतंय व्हय? आणि घराला कुठं धुराडं असतंय? ही शेड, हे धुराडं, ह्यो धूर. आत चुलवाण पेटलंय की!"

मी चित्राकडं पाहिलं. त्या चित्रावर माझे कित्येक महिने गेले होते. त्याची रेघ न् रेघ मला पाठ होती. उतरतं छप्पर, एका बाजूला उंच धुराडं, वर धुराची दोन वळणं. आमच्याकडं उसाचा रस चुलवाणावर उकळून गूळ करायची जागा हुबेहूब अशीच असते, आणि घर कुणाचंच असं नसतं. आम्ही सगळ्यांनी खालचा शब्द वाचला होता आणि वरचं चित्र पाहायचं सोडलं होतं. शब्द वाचता न येणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि त्याला चित्र दिसलं होतं. हे चिन्ह काढलं गेलं ते थंड मुलखात. यानला मी नंतर विचारलं तेव्हा त्यानं लिहिलं, आमच्याकडं धुराड्याशिवाय घर पोरंसुद्धा काढत नाहीत. धूर दिसला की समजायचं, आत कुणीतरी आहे.

"गुऱ्हाळ" हा शब्द ऐकल्यावर आण्णांनी दोन्ही हात वर उचलले आणि मांडीवर टाकले. सुटलो एकदाचा, अशा अर्थानं. मग त्यांनी मान वळवून सदाकडं पाहिलं.

सदा खाली बसला. "जेसीबी," एवढंच म्हणाला.

"कसला जेसीबी?" शोभानं विचारलं.

मग कळलं. आण्णांचं गुऱ्हाळ शेताच्या बांधाला होतं. आण्णांनी ते स्वतः बांधलेलं, उमेदीत चालवलेलं, पुढं बंद पडलेलं. धुराडं आता कललं होतं. सदानं ते पाडायचं ठरवलं होतं आणि जेसीबीवाल्याला सांगूनही टाकलं होतं. ही सगळी चर्चा झाली होती जेवताना, याच खोलीत, आण्णांच्या समोर.

"आण्णांना विचारलतंस?" शोभा म्हणाली.

"कसं विचारणार? त्यास्नी काय..." सदानं वाक्य तिथंच सोडलं.

मी त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिले. त्यानं ते सगळं ऐकलं होतं. समजून घेतलं होतं. तोंडात एक शब्द, डोळ्यांत मोतीबिंदू, समोर परक्या मुलखातली चित्रं, त्यातून त्यानं स्वतःचं गुऱ्हाळ हुडकून काढलं होतं, धुरावर नेमकं बोट ठेवलं होतं आणि कुणी ऐकत नाही तरी रोज तेच सांगत राहिला होता. आम्ही मात्र त्याला भिंती दाखवत होतो.

सदा उठून कॉटच्या कडेला टेकला. त्याचा आवाज बदलला होता. "आण्णा, न्हाई पाडत. सांगतो त्याला, येऊ नको म्हणून. ऱ्हाऊ दे तसंच. तुमचं हाय ते."

शोभानं डोळे पुसले. अव्वांनी चहाचे कप पुढं केले. मलाही वाटलं, झालं काम.

आण्णांनी मान हलवली. नाही.

मी वरची ओळ पुसून दिली. त्यांनी पुन्हा मनगट धरलं. आधी गुऱ्हाळ दाबलं. मग बोट खालच्या ओळीत नेलं आणि फुली दाबली.

"गुऱ्हाळ, नको," शोभानं वाचलं.

"पाडायला नको म्हणत्यात. व्हय, न्हाई पाडत म्हटलो की मी," सदा म्हणाला.

आण्णांनी जोरात मान हलवली. उजवा हात कोपरापासून सरळ उभा धरला, धुराड्यासारखा. मग तो हळूहळू एका बाजूला कलवला आणि धप्पकन गादीवर पाडला. आणि आम्हाला समजलं का, म्हणून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"पाडायचं?" सदा म्हणाला.

आण्णांनी होयची खूण दाबली.

"पाडायचं? खरंच? मग एवढे दिवस कशासाठी..."

आण्णांनी त्याला हातानं गप्प केलं. अजून संपलं नव्हतं. बोट शोधत शोधत शेवटच्या ओळीत गेलं आणि माणसाच्या आकृतीवर थांबलं. मी. वरच्या ओळीत आता चार चित्रं होती. ती त्यांनी एकदा नीट बघितली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "चला."

त्या घरात तो शब्द गेले कित्येक महिने कुठंही पडत होता. त्या वेळी तो जिथं पडायला हवा तिथंच पडला.

शेवटी अव्वाच म्हणाल्या, "पाडा की, म्हणत्यात. पण मला घिऊन चला. माझ्या माघारी हात लावायचा न्हाई." आणि कप आण्णांच्या हातात देत, "व्हय न्हवं?"

आण्णांनी अव्वांकडं बघून हात जोडले. चेष्टेनं. अव्वा लाजल्या.

माझ्या कामात शाबासकी क्वचित मिळते आणि मला तिची सवय नाही. पण त्या वरच्या ओळीकडं मी किती वेळ बघत होते कोण जाणे. हयात आणि हयात नसलेल्या तीन अनोळखी माणसांची तात्पुरती सोय, यानच्या रात्री, माझ्या सकाळी, कुणा परक्यानं काढलेलं घर, आणि त्या सगळ्यांतून एका माणसाचं पुरं वाक्य आलेलं. त्यात मराठी अक्षर एकही नव्हतं आणि ते अस्सल मराठी होतं.

"जेसीबी परवा हाय, आण्णा," सदा म्हणाला.

आण्णांनी पाय कॉटवरून खाली सोडले.

"आत्ताच? बघून येऊया म्हणतासा? बरं. चला." सदा खाली वाकला आणि कॉटखाली हात घालून चपला शोधायला लागला. पावसाळ्यापासून आण्णा उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. एक चप्पल मिळाली. दुसरी मिळेना. शोभानं मोरीत बघितलं, अव्वांनी दाराआड बघितलं, मी उगीचच ट्रंक सरकवली. सदा गुडघ्यांवर बसूनच मागं वळला, हातात ती एक चप्पल, आणि वर बघत म्हणाला, "आण्णा, दुसरी कुठं ठिवलीसा?"

आण्णांनी कपाटाच्या मागं बोट दाखवलं.